बेसबॉल टीमचं फ्रंट ऑफिस चांगलं चाललंय की नाही, हे ओळखायचं कसं

२००२ च्या सीझनमध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने १०३ मॅच जिंकल्या आणि न्यूयॉर्क यांकीजनेही १०३च जिंकल्या. ओकलंडच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार होता साधारण ४ कोटी डॉलर, यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. त्या टीमवर पुस्तक आलं, सिनेमा आला, आणि जगभर एक गोष्ट पसरली की बिली बीन नावाच्या एका जनरल मॅनेजरने आकडेमोड करून इतरांनी टाकून दिलेले स्वस्त खेळाडू उचलले आणि पैसेवाल्यांना गाठलं. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि नेमका जो भाग सुटतो त्यातच फ्रंट ऑफिस कसं जोखायचं याचं उत्तर आहे. न्यू जर्सीत, बे एरियात राहणारे आपले बरेच लोक आता बेसबॉल बघतात, इथे घरी बसून बघणारेही वाढलेत, आणि टीम हरली की "मॅनेजमेंट बेकार आहे" हे वाक्य सगळेच टाकतात. ते कधी खरं असतं आणि कधी नसतं हे जरा नीट बघू.

आधी फ्रंट ऑफिस म्हणजे कोण ते क्लिअर करून घेऊ. डगआउटमध्ये टीमचे कपडे घालून उभा असतो आणि पिचर (बॉल टाकणारा) कधी बदलायचा ते ठरवतो तो मॅनेजर, तो यात येत नाही. फ्रंट ऑफिस म्हणजे वरचे लोक, म्हणजे बेसबॉल ऑपरेशन्सचा प्रेसिडेंट, जनरल मॅनेजर, स्काउट, डेटा बघणारे, मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या टीम चालवणारे, डॉक्टर आणि ट्रेनर. कोणाला ड्राफ्ट करायचं (दरवर्षी नव्या पोरांमधून टीम आळीपाळीने निवड करतात ती), कोणाला विकत घ्यायचं, कोणाला ट्रेड करायचं, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल करायची, किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं, हे सगळं तिथे ठरतं. आणि यांच्याही वर असतो ओनर, त्याच्याकडे नंतर येऊ कारण तो फार महत्त्वाचा आहे.

आता लीगचे नियम थोडे समजून घ्यावे लागतील. आयपीएलमध्ये सगळ्या टीमना सारखीच पर्स मिळते, दर काही वर्षांनी मेगा ऑक्शन होतं आणि बरंचसं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं जातं, त्यामुळे कोणाचं डोकं चाललं हे तिथे तुलनेने लवकर दिसतं. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आहेत आणि पगारावर वरची पक्की मर्यादा नाहीच, एका रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरायचा एवढंच. म्हणून एका टीमचं पेरोल (सगळ्या पगारांची बेरीज) ३० कोटी डॉलरच्या पुढे आणि दुसरीचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असं सर्रास असतं. दुसरी गोष्ट, खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत तो त्याच टीमचा. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपासच मिळतं (२०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादात पगार ठरतो, तो वाढतो पण बाजारभावाच्या खालीच राहतो, आणि सहा वर्षं झाली की तो फ्री एजंट होऊन कुठेही जाऊ शकतो. म्हणजे २४ वर्षांचा एक जबरदस्त खेळाडू साडेसात लाखात खेळतो आणि तेवढाच चांगला ३१ वर्षांचा माणूस वर्षाला तीन कोटी घेतो. हा फरक डोक्यात पक्का बसला की बाकी सगळं सोपं होतं, कारण फ्रंट ऑफिसचं निम्मं काम म्हणजे ही स्वस्तातली वर्षं मिळवणं, वापरणं आणि ती संपायच्या आत पुढची तयारी ठेवणं.

मोजायची पहिली पद्धत अगदी साधी आहे. समजा तुम्ही पूर्ण टीम मायनर लीगमधून कोणालाही उचलून आणलेल्या, किमान पगारावरच्या खेळाडूंची केलीत, तर अभ्यासकांच्या हिशेबाने ती टीम १६२ पैकी साधारण ४८ मॅच जिंकेल. म्हणजे ४८ विजय जवळजवळ फुकटचे, त्यावरचे खरे. ओकलंडने २००२ मध्ये ४८ च्या वर ५५ मॅच जिंकल्या आणि खर्च केले ४ कोटी, म्हणजे एका विजयाला साधारण सव्वासात लाख डॉलर पडले, यांकीजला तोच विजय २३ लाखांच्या आसपास पडला. चित्र एकदम स्वच्छ दिसतं.

पण मग विचारा की ओकलंडचे ते विजय आणले कोणी. पिचिंगमध्ये टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तिघं होते, झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं. बॅटिंगमध्ये मिगेल तेहादा, जो त्या वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि एरिक चावेझ. हे पाचही जण ओकलंडने स्वतः ड्राफ्ट केलेले किंवा पोरवयात साइन केलेले होते, आणि पाचही जण अजून त्या सहा वर्षांच्या आतले, म्हणून स्वस्त. गोष्टीत गाजलेले ते टाकून दिलेले खेळाडू उपयोगी पडलेच, पण टीमचा कणा हा होता. त्यातही तेहादा, चावेझ आणि हडसन हे तिघे आले तेव्हा जनरल मॅनेजर बीन नव्हता, त्याच्या आधीचा सँडी ॲल्डरसन होता, बीनने सूत्रं घेतली ती १९९७ चा सीझन संपल्यावर. यात बीनचं श्रेय काढून घ्यायचा माझा हेतू नाही, जेसन जिआम्बीसारखा खेळाडू यांकीजकडे १२ कोटींना गेल्यावरही पुढच्या वर्षी १०३ जिंकणं हे फार मोठं काम आहे. मुद्दा एवढाच की खुर्चीवर आज बसलेल्या माणसाचा निकाल बघताना आधीचा माणूस काय ठेवून गेला हे पहिल्यांदा बघायला लागतं, आणि हे जवळपास कोणीच बघत नाही.

ह्यूस्टन ॲस्ट्रोजचं बघा. डिसेंबर २०११ मध्ये जेफ लूनाऊ तिथे जनरल मॅनेजर म्हणून आला. त्याने टीम मुद्दाम पार खाली नेली, महागडे सगळे विकले, २०१२ मध्ये १०७ हरले, २०१३ मध्ये १११ हरले, आणि खालून पहिला नंबर आला की ड्राफ्टमध्ये पहिला चान्स मिळतो म्हणून तो चान्स घेत राहिले. २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. मग सगळीकडे चर्चा की हीच ती रेसिपी, आधी हरा, मग जिंका. पण २०१७ च्या त्या टीममध्ये होजे अल्टुवे होता जो २००७ मध्ये साइन झालेला, डॅलस काइकेल २००९ च्या ड्राफ्टमधला, जॉर्ज स्प्रिंगर २०११ च्या, हे तिघेही लूनाऊच्या आधीचे. आणि ड्राफ्टमधले ते पहिले नंबर? २०१२ मध्ये कार्लोस कोरेआ मिळाला, तो स्टार झाला, पण तो नंबर लूनाऊ यायच्या आधीच्या, २०११ च्या पराभवांमुळे आलेला होता. २०१३ चा मार्क अपेल ह्यूस्टनसाठी मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. २०१४ चा ब्रेडी एकन, त्याच्या मेडिकल रिपोर्टवरून वाद होऊन तो साइनच झाला नाही, त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी जो दुसरा नंबर मिळाला त्यावर ॲलेक्स ब्रेगमन आला. म्हणजे तीन पहिल्या नंबरांतून एक सरळ हिट, एक फेल, आणि एक असा फिरून फिरून बरा निघालेला. याच ऑफिसने मार्च २०१४ मध्ये जे. डी. मार्टिनेझ नावाच्या बॅटरला सोडून दिलं, ज्याने नुकताच आपला पूर्ण स्विंग बदलला होता, आणि तो डेट्रॉइटला जाऊन लीगमधल्या सगळ्यात घातक हिटरपैकी एक झाला. हे सगळं सांगायचं कारण, ट्रॉफीवरून मागे मागे जात प्रत्येक निर्णयाला "काय डोकं आहे" म्हणायची सवय लागते आणि ती सवय घातक आहे.

आता नशीब. १६२ मॅच म्हणजे खूप वाटतात ना, पण हिशेब करून बघा. एखादी टीम अगदी बरोबर ५० टक्क्यांची असेल, म्हणजे तिची खरी लायकी ८१ विजयांची असेल, तरी निव्वळ नाणं वरखाली पडल्यासारख्या योगायोगाने तिचे विजय इकडेतिकडे साधारण सहाने हलतात, म्हणजे तीनपैकी दोन वर्षं ती ७५ ते ८७ च्या मध्ये कुठेतरी असेल आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही बाहेर. ७५ ला जनरल मॅनेजरचा राजीनामा मागतात आणि ८७ ला त्याचे फोटो छापतात, आणि दोन्ही वर्षं टीम तीच असू शकते.

म्हणून लोक विजयांऐवजी रनांचा फरक बघतात. किती रन काढले आणि किती दिले. बिल जेम्स या बेसबॉलच्या आकड्यांच्या अभ्यासकाने यासाठी एक साधा फॉर्म्युला दिला, काढलेल्या रनांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या दोन्हींच्या वर्गांची बेरीज, त्यातून किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते येतं. २०१२ ची बाल्टिमोर ओरिओल्स याचं झकास उदाहरण आहे. त्यांनी ७१२ रन काढले, ७०५ दिले, म्हणजे जेमतेम सातने पुढे, फॉर्म्युल्याने ८२ विजय यायला हवेत, आणि आले ९३. कारण एका रनाने सुटलेल्या मॅचमध्ये त्यांचा रेकॉर्ड २९-९ (विजय-पराभव) होता. पुढच्या वर्षी टीम फारशी बदलली नव्हती, रनांचा फरक उलट वाढला, पण एका रनाच्या मॅचमध्ये २०-३१ झाले आणि ८५ वर थांबले. ऑफिसातल्या लोकांची अक्कल एका हिवाळ्यात कमी झाली होती का? नाही, जवळच्या मॅच आधी त्यांच्या बाजूने पडत होत्या, मग विरुद्ध पडल्या. चांगलं फ्रंट ऑफिस ९३ विजयांनंतर स्वतःला ८२ ची टीम समजून दुरुस्ती करतं. वाईट ऑफिस ९३ बघून "आता एकच मोठा प्लेयर कमी आहे" म्हणतं आणि ३३ वर्षांच्या माणसाला सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देतं.

प्लेऑफमध्ये तर हे नशीब अजूनच वाढतं. समजा तुमची टीम इतकी चांगली आहे की प्लेऑफमधल्या प्रत्येक टीमविरुद्ध प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ५५ टक्के. बेसबॉलमध्ये हे भरपूर झालं. पहिला राउंड तुम्हाला सूट आहे असं धरा, म्हणजे पाच मॅचची एक सिरीज आणि सातच्या दोन. पाचची सिरीज जिंकायची शक्यता निघते ५९ टक्के, सातची ६१. तिन्ही सलग जिंकायची शक्यता? साधारण २२ टक्के. म्हणजे सगळ्यात भारी टीम असूनही पाचपैकी चार वर्षं हात हलवत घरी. ओकलंड २००० पासून २००३ पर्यंत चारही वर्षं पहिल्याच सिरीजमध्ये हरलं आणि चारही वेळा पाचव्या मॅचपर्यंत जाऊन हरलं. सिॲटल मरिनर्सने २००१ मध्ये ११६ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून एका ट्रॉफीवरून कोणाला हुशार ठरवणं किंवा ट्रॉफी नाही म्हणून कोणाला नालायक ठरवणं मला अजिबात पटत नाही. दहा वर्षांत किती वेळा प्लेऑफला पोचले हे बघा, त्यात खूप जास्त माहिती आहे. लॉस एंजेलिस डॉजर्स २०१३ पासून २०२५ पर्यंत फक्त एक वर्ष सोडून दरवर्षी आपला डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकलेत, ते एक वर्ष म्हणजे २०२१, आणि त्या वर्षीही त्यांनी १०६ मॅच जिंकल्या होत्या.

त्या वर्षी त्यांच्या पुढे होती सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, १०७ विजय. तिथे बेसबॉलचा प्रमुख होता फरहान झैदी, कॅनडात पाकिस्तानी कुटुंबात जन्मलेला, फिलिपिन्समध्ये वाढलेला, बर्कलीचा इकॉनॉमिक्सचा पीएचडी. त्या सीझननंतर त्याचं कौतुक थांबत नव्हतं. मग २०२२ मध्ये ८१, २०२३ मध्ये ७९, २०२४ मध्ये ८० विजय, आणि सीझन संपल्या संपल्या नोकरी गेली. मला विचाराल तर दोन्ही टोकं चुकीची होती. १०७ मध्ये बस्टर पोझी आणि ब्रँडन क्रॉफर्डसारखे आधीच्या ऑफिसने आणलेले, चौतिशीतले खेळाडू एकाच वर्षी एकदम पेटले होते, पोझी तर लगेच रिटायर झाला, त्यामुळे ती उंची टिकणार नव्हतीच. आणि नंतरचं ८० च्या आसपासचं चित्र हेच सांगतं की लहान लहान चांगले सौदे करण्यात हे ऑफिस तरबेज होतं, पण स्वतःच्या फार्ममधून, म्हणजे मायनर लीगच्या टीममधून, पुढचे स्टार पुरेसे वर आले नाहीत. चार वर्षं एकत्र ठेवली तर बरं, पण अपूर्ण काम केलेलं ऑफिस दिसतं. एकेक वर्ष वेगळं बघितलं तर आधी जीनियस आणि मग बिनकामाचे दिसतात.

आता ओनर. फेब्रुवारी २०२० मध्ये बोस्टन रेड सॉक्सने मूकी बेट्सला डॉजर्सकडे ट्रेड केलं. बेट्स, २०१८ चा एमव्हीपी, स्वतः ड्राफ्ट करून वाढवलेला पोरगा, वय २७. बोस्टनचे लोक अजून त्या ट्रेडबद्दल बोलताना चिडतात आणि ते बरोबरच आहे. शिव्या बसल्या काइम ब्लूमला, जो तीनचार महिन्यांपूर्वीच बेसबॉलचा प्रमुख म्हणून आला होता. पण पेरोल टॅक्सच्या मर्यादेखाली आणायचं हे मालकांनी त्याच्या येण्याआधीच बोलून दाखवलं होतं. मग ब्लूमचं मार्किंग कशावर करायचं? बेट्स गेला यावर नाही, कारण तो जाणार ही चौकट त्याला वरून मिळाली होती. त्याच्या बदल्यात काय आणलं यावर. आणि तिथे मार्क कमीच पडतात, ॲलेक्स व्हर्डुगो ठीकठाक निघाला, कॉनर वाँग कॅचर (विकेटकीपरसारखा) म्हणून उभा राहिला, जीटर डाउन्स काहीच जमवू शकला नाही. डॉजर्सने बेट्सला त्याच उन्हाळ्यात १२ वर्षांचं ३६.५ कोटींचं कॉन्ट्रॅक्ट दिलं.

उलट बाजूचं उदाहरण लॉस एंजेलिस एंजल्स. पैसा होता. डिसेंबर २०११ मध्ये अल्बर्ट पुहोल्सला १० वर्षं, २४ कोटी, तेव्हा त्याचं वय ३१. वर्षभरात जॉश हॅमिल्टनला साडेबारा कोटी. नंतर अँथनी रेंडॉनला साडेचोवीस कोटी. आणि यांच्याकडे माइक ट्राउट होता, २००९ च्या ड्राफ्टमध्ये २५ व्या नंबरला मिळालेला, त्याच्या पिढीतला सगळ्यात मोठा खेळाडू, वर २०१८ पासून शोहेई ओतानी. दोघं एकत्र सहा सीझन होते आणि त्या सहांत एकदाही प्लेऑफ नाही, ट्राउटच्या नावावर पूर्ण करिअरमध्ये प्लेऑफच्या फक्त तीन मॅच आहेत, २०१४ च्या, तिन्ही हरलेल्या. बघायलाही वाईट वाटायचं, खरंच. जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू एका टीममध्ये आणि बाकीच्या २४ जागा भरायला माणसं नाहीत, पिचिंग तर कायम उघडं. मोठी कॉन्ट्रॅक्ट वाईटच असतात असं नाही, ओतानी ७० कोटींना डॉजर्सकडे गेला आणि त्यांनी २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्ल्ड सिरीज जिंकल्या. पण खाली माणसं तयार होत नसतील तर वरून टाकलेला पैसा मुरून जातो. न्यूयॉर्क मेट्सनी २०२३ मध्ये पेरोलवर साडेतेहतीस कोटींहून जास्त लावले, ७५ मॅच जिंकल्या.

ट्रेड जोखणं हा लोकांचा सगळ्यात आवडता उद्योग आणि सगळ्यात जास्त अन्यायही तिथेच होतो. जून २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने सॅन डिएगोकडून जेम्स शील्ड्स हा ३४ वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात दिलेल्यांत होता फर्नांडो तातीस ज्युनिअर, वय १७, तोपर्यंत प्रोफेशनल म्हणून एकही मॅच न खेळलेला. तातीस पुढे सुपरस्टार झाला. आज हा ट्रेड म्हणजे व्हाइट सॉक्सच्या नावावरचा डाग आहे. पण १७ वर्षांच्या, अजून न खेळलेल्या पोराचं काय होईल हे त्या दिवशी कोणालाच नीट माहीत नव्हतं, तशा शंभर पोरांमधली बहुतेक मेजर लीगपर्यंतही पोचत नाहीत. म्हणून "तातीस कसा दिला" एवढ्यावर मी त्यांना दोषी धरणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. शील्ड्स तेव्हाच घसरणीला लागलेला होता, आणि व्हाइट सॉक्सची टीम त्या वर्षी एका म्हाताऱ्या पिचरने पार होईल इतकी जवळ नव्हतीच. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवरच तो निर्णय कच्चा होता, तातीस पुढे फेल गेला असता तरी कच्चाच राहिला असता. हा फरक नीट धरून ठेवा.

दुसरा ट्रेड, ३१ जुलै २०१८. पिट्सबर्ग पायरेट्सनी टॅम्पा बे रेजकडून क्रिस आर्चर घेतला आणि दिले टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि नंतर शेन बाझ. आर्चर नावाजलेला पिचर, कॉन्ट्रॅक्ट स्वस्त, कागदावर एवढा वेडगळ सौदा नव्हता. पण टॅम्पाच्या लोकांना ग्लासनाऊमध्ये काहीतरी दिसलं जे पिट्सबर्गला त्याला वर्षानुवर्षं रोज बघून दिसलं नाही. पिट्सबर्गमध्ये तो रिलीफला, म्हणजे मॅचच्या मध्येच दुसऱ्या पिचरच्या जागी आणायला, वापरला जात होता. टॅम्पाने त्याला स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर केलं, त्याचा उंचीवरून येणारा फास्टबॉल आणि कर्व्हबॉल यावर भर दिला आणि तो लीगमधला भीतीदायक पिचर झाला.

इथे मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते फ्रंट ऑफिसची सगळ्यात खरी परीक्षा ही आहे. खेळाडू तुमच्याकडे आल्यावर सुधारतो का, आणि तुमच्याकडून गेल्यावर सुधारतो का. पहिलं वारंवार होत असेल तर तुमचं ऑफिस चांगलं, दुसरं वारंवार होत असेल तर आत काहीतरी सडलंय. गेरिट कोल २०११ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, पिट्सबर्गचाच. २०१७ मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर दिलेले रन, ४.२६ होता. जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टनने त्याला घेतलं, खाली पडणारा सिंकर कमी करायला लावला, वरच्या बाजूला सरळ फास्टबॉल मारायला लावला, ईआरए आला २.८८ वर आणि त्याच्या पुढच्या वर्षी २.५० वर, ३२६ स्ट्राइकआउटसकट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). तोच हात, तोच वेग. पिट्सबर्गकडे पैसा कमी होता हे खरं, पण कोलला कोणता बॉल टाकायला सांगायचं याला पैसा लागत नाही. डॉजर्सचंही लोक फक्त पेरोल बघतात, पण मॅक्स मन्सीला ओकलंडने २०१७ मध्ये सोडून दिलं होतं, डॉजर्सने त्याला मायनर लीगच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं आणि २०१८ मध्ये त्याने ३५ होम रन मारले. क्रिस टेलरला त्यांनी सिॲटलकडून २०१६ मध्ये एका मायनर लीगच्या पिचरच्या बदल्यात आणलं आणि पुढच्या वर्षी तो त्यांच्या वर्ल्ड सिरीजच्या टीममध्ये होता. पैसा सगळ्यांना दिसतो, हे दिसत नाही.

बाहेरच्या माणसाला हे तपासता येतं आणि फार अवघड नाही. एखाद्या टीममधून गेल्या पाच वर्षांत गेलेले आणि आलेले दहाबारा खेळाडू घ्या, जाण्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं शेजारी ठेवा. एकदोघांवरून काही ठरत नाही, पण दहाबारांचा कल दिसायला लागतो. वय धरायचं मात्र विसरू नका, तिशीनंतर माणूस कुठेही गेला तरी खालीच येतो.

एक गोष्ट आकड्यांत येत नाही आणि ती मी सोडणार नाही. ह्यूस्टनच्या टीमने २०१७ मध्ये कॅमेऱ्यावर समोरचा कॅचर पिचरला कोणता बॉल टाकायचा याच्या ज्या खुणा करतो त्या बघून, कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅटरला कोणता बॉल येतोय ते सांगितलं होतं. जानेवारी २०२० मध्ये लीगने लूनाऊ आणि मॅनेजर ए. जे. हिंच दोघांना वर्षभरासाठी सस्पेंड केलं, टीमला ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांचे पहिल्या आणि दुसऱ्या राउंडचे ड्राफ्ट पिक काढून घेतले, आणि मालकाने दोघांनाही त्याच दिवशी काढलं. त्याआधी सेंट लुइस कार्डिनल्सच्या स्काउटिंग प्रमुखाने ह्यूस्टनच्या डेटाबेसमध्ये घुसखोरी केली म्हणून त्याला २०१६ मध्ये ४६ महिन्यांची शिक्षा झाली होती. अचूक निर्णय घेणारं ऑफिस आणि नीट चालवलेलं ऑफिस या दोन गोष्टी एक नाहीत. जिथे आकडा वर गेला की बाकी कोणी काही विचारत नाही तिथे कोणीतरी कधीतरी ही रेषा ओलांडतोच, आणि मग खेळाडूंच्या खऱ्या मेहनतीवरही कायमचा संशय बसतो. तसंच मायनर लीगच्या पोरांचं. मेजर लीगच्या खालच्या पायरीवर खेळणाऱ्या, म्हणजे ट्रिपल-ए मधल्या पोराला २०२३ च्या करारापर्यंत वर्षाला १७,५०० डॉलर मिळायचे, युनियन झाल्यावर ते ३५,८०० झाले. ज्या खेळाडूंवर पुढची दहा वर्षं उभी करायची आहेत त्यांना नीट जेवण आणि झोपायला जागा न देणारी ऑफिसं स्वतःला हुशार म्हणवत होती, हे मला आजही समजत नाही.

हे सगळे निकष एकत्र लावायचे तर २०२५ ची मिलवॉकी ब्रूअर्स घ्या. लहान शहर, डॉजर्सच्या निम्म्याहूनही कमी पेरोल, तरी ९७ विजय, पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त. मोठे खेळाडू त्यांच्याकडून जातच असतात, त्यांचा सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष राहिलेलं असताना ट्रेड केला आणि त्या बदल्यात आलेला जोई ऑर्टिझ २०२५ मध्ये शॉर्टस्टॉपला (फील्डिंगमधली एक महत्त्वाची जागा) खेळला. २०२५ मध्ये १७ मॅच जिंकणारा फ्रेडी पेराल्टा त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सिॲटलकडून घेतला होता, तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि फार कोणाला माहीत नव्हता. क्विन प्रीस्टर, पिट्सबर्गचा पहिल्या राउंडचा पिक, दोन टीममधून फिरून एप्रिलमध्ये मिलवॉकीला आला आणि १३ मॅच जिंकून फक्त ३ हरला. अँड्र्यू वॉनला व्हाइट सॉक्सने ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरला घेतलं होतं, २०२५ मध्ये तो ०.१८९ च्या बॅटिंग ॲव्हरेजवर मायनर लीगला पाठवला गेला होता, जूनमध्ये मिलवॉकीने त्याला घेतलं आणि जुलैमध्ये वर आल्यावर पहिल्याच बॅटिंगला त्याने होम रन मारला आणि मग महिनाभर मारतच राहिला. जुनी गुंतवणूक, वेळेवर केलेली विक्री, आल्यावर सुधारणारे खेळाडू, सगळं एका टीममध्ये बघायला मिळतं.

प्लेऑफमध्ये मिलवॉकी डॉजर्सकडून ४-० ने हरलं. त्यावरून कोणी त्यांच्या ऑफिसला नावं ठेवली तर वरचा २२ टक्क्यांचा हिशेब त्याला दाखवा, आणि अजून एक गोष्ट सांगा. मिलवॉकीचं ऑफिस चालवणारा मॅट अर्नोल्ड आणि डॉजर्सचं चालवणारा अँड्र्यू फ्रीडमन, दोघंही टॅम्पा बे रेजच्या ऑफिसमधून आले. बोस्टनला गेलेला काइम ब्लूमही तिथलाच, लूनाऊनंतर ह्यूस्टनला गेलेला जेम्स क्लिकही तिथलाच. टॅम्पाने आजवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, आणि तरीही मालकांना नवीन माणूस हवा असला की ते वर्षानुवर्षं पहिला फोन तिथेच करत आलेत.